उंदीर बारा, नमुने दोनच: जंत आणि आतड्यातले जिवाणू अभ्यासताना या चुका टाळा

सहा उंदीर एका पिंजऱ्यात, त्यांना नळीने जंतांच्या अळ्या पाजल्या. सहा दुसऱ्या पिंजऱ्यात, तसेच ठेवले. तीन आठवड्यांनी लेंड्यांतल्या जिवाणूंत फरक दिसला, आलेख काढला, मोकळे झालो. नागपुरात प्रबंध करताना मीही हेच केलं. परीक्षकांनी एवढंच विचारलं, ‘फरक जंतांचा की पिंजऱ्याचा?’ घाम फुटला, आणि तेव्हा डिसेंबर होता.

उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात. त्यामुळे एका पिंजऱ्यातल्या सगळ्यांचे जिवाणू सारखे होत जातात. बारा उंदीर मोजा, पण हिशेबात पिंजरे दोनच.

मग बाधित आणि निरोगी एकत्र ठेवायचे? तेही नको. निरोगी उंदीर शेजाऱ्याचे जिवाणू उचलतो आणि खरा फरकच पुसट होतो. त्यातून जंत हेलिग्मोसोमॉइडीस पॉलिगायरस असेल, तर लेंडीतल्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या आठवडाभरात संसर्गाला तयार होतात. आठवडाभर पिंजऱ्यात अंथरलेलं तूस बदललं नाही की निरोगी गट संपला. उपाय खर्चिक आहे: प्रत्येक गटाला चार-पाच पिंजरे, प्रत्येकात दोन-तीन उंदीर, आणि संसर्गाआधी दोन-तीन आठवडे सगळ्यांचं वापरलेलं तूस कालवून परत वाटायचं. उंदरांचीच अदलाबदल करू नका. अनोळखी नर एकमेकांना फाडतात. अळ्या देण्याआधीच्या लेंड्याही जपून ठेवा.

दुसरी चूक जागेची. हेलिग्मोसोमॉइडीस लहान आतड्याच्या सुरुवातीला राहतो, लॅक्टोबॅसिलसच्या कुळातले जिवाणू वाढलेले दिसतात ते लहान आतड्याच्या शेवटच्या भागात. ट्रिक्युरिस म्युरिस हा दुसरा जंत मात्र अंधांत्रात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या पिशवीत, डोकं खुपसून बसतो. लेंडी मुख्यतः मोठ्या आतड्याची गोष्ट सांगते. लहान आतड्याबद्दल बोलायचं तर तिथलाच नमुना घ्या.

‘निरोगी’ गटात बिनबोलावलेले पिनवर्म (बारीक सुतासारखे जंत) निघणं तर नेहमीचंच. गुदद्वाराशी सेलोटेप लावून त्यांतल्या सायफेशिया या प्रकाराची अंडी सापडतात. अ‍ॅस्पिक्युल्युरिस हा दुसरा प्रकार तिथे अंडी घालत नाही, म्हणून फक्त टेपवर विसंबू नका; लेंडी मिठाच्या दाट पाण्यात घोळून अंडी तरंगवा. ओळख पटत नसेल तर सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात परजीवीशास्त्रवाल्यांना दाखवा. जंतांचं औषध द्यावं लागलंच तर दोन्ही गटांना.

आपल्याकडचा मे वेगळाच छळतो. पारा 45 च्या घरात, त्यात लाइट गेली की फ्रीझरमधले नमुने वितळतात, पुन्हा गोठतात. लेंडी तुसावरून वेचू नका. ताजी थेट नळीत, नळी बर्फात, तिथून उणे 80 अंशांत. आणि ज्या फ्रीझरला जनरेटर आहे तोच मागा, भांडून का होईना.

टक्केवारीलाही भुलू नका. लॅक्टोबॅसिलस 10 वरून 30 टक्क्यांवर गेला म्हणजे तो वाढलाच असं नाही, बाकीचे मेले असतील. क्यूपीसीआर (डीएनएचं प्रमाण मोजणारी चाचणी) करून एकूण जिवाणू मोजा. डीएनए काढताना प्रत्येक वेळी एक रिकामी, म्हणजे नमुना नसलेली, फक्त रसायनांची नळीही चालवा. रसायनांतलेच जिवाणू पुष्कळदा ‘शोध’ म्हणून छापले जातात.