लाइव्ह सामना उशिरा दिसतोय? या चुका टाळा

गोलंदाज अजून रनअपच्या टोकाला उभा आहे आणि भिंतीपलीकडून जल्लोष ऐकू येतो. शेवटच्या षटकातली सगळी मजाच जाते. मग बहुतेक जण नेटला दोष देतात आणि जास्त स्पीडचा प्लॅन घेतात. सगळ्यात मोठी चूक हीच.

अ‍ॅपवर सामना मागे असतो तो स्पीड कमी म्हणून नव्हे. व्हिडिओ काही सेकंदांच्या तुकड्यांत येतो आणि नेट अडखळलं तरी चित्र थांबू नये म्हणून प्लेअर दोन-तीन तुकडे आधी साठवून घेतो. अ‍ॅपलच्या एचएलएस या तुकड्यांत व्हिडिओ पाठवण्याच्या पद्धतीत पूर्वी 10 सेकंदांचा तुकडा सुचवलेला असे, नंतर तो 6 वर आला. असे तीन तुकडे साठवले की 18 सेकंद तिथेच गेले. एन्कोडिंग (पाठवण्यासाठी व्हिडिओ दाबून लहान करणं) आणि सर्व्हरचा वेळ आणखी वेगळा. तुमचं कनेक्शन 100 एमबीपीएसवरून 300 वर नेलं तरी हे 18 सेकंद जागचे हलत नाहीत. 2019 मध्ये कमी विलंबाची एचएलएस जाहीर झाली, पण अ‍ॅपवाल्यांनी ती वापरली तरच उपयोग.

डिशवर बघणारे उपग्रहाला नावं ठेवतात. उपग्रह 35,786 किलोमीटर उंच असला तरी सिग्नल वर जाऊन खाली यायला साधारण पाव सेकंदच लागतो. बाकीचे सेकंद एन्कोडिंग आणि प्रक्रियेत जातात. तरीही डिश किंवा केबल सहसा अ‍ॅपच्या पुढेच असते, त्यामुळे महत्त्वाचा सामना तिथेच बघावा असं माझं स्पष्ट मत आहे. खात्री करायची असेल तर फुटबॉलचा सामना टीव्ही आणि मोबाइल दोन्हीवर लावा, शेजारी ठेवून दुसऱ्या फोनने एकच फोटो काढा आणि पडद्यावरच्या घड्याळांची वजाबाकी करा. अंदाजाची गरज उरत नाही.

फोन आला म्हणून पॉज केलं आणि नंतर नुसतं प्ले दाबलं, तर तेवढा वेळ तुम्ही मागेच राहता. ‘लाइव्ह’वर जा. नेट अडखळल्यावरही काही अ‍ॅप थांबलं तिथूनच पुढे चालतात आणि उशीर साचत जातो. मध्यंतरात अ‍ॅप बंद करून पुन्हा उघडा.

चित्रावरची प्रक्रिया कमी करणाऱ्या टीव्हीच्या गेम मोडने सेकंदाचा काही अंशच वाचतो. आवाज आणि ओठ जुळत नसतील तर तो प्रश्न वेगळा: आवाज मागे असेल तर ब्लूटूथ स्पीकर काढून वायर लावा, पुढे असेल तर सेटिंगमध्ये ऑडिओ डिले वाढवा.

इतकं करूनही स्कोअरचं नोटिफिकेशन आधी येणारच. मैदानावर नोंदलेला आकडा व्हिडिओची वाट बघत नाही. सामन्यापुरती स्कोअर अ‍ॅप आणि ग्रुप म्यूट करा, मनगटावरचं स्मार्टवॉचही.