पूंपुहारला जायचं तर मुक्कामाने जा

नवी मुंबईतल्या दिवाळे कोळीवाड्यात वाढल्यामुळे असेल, कुठल्याही गावात गेलो की माझी नजर आधी बंदर शोधते, देऊळ नंतर. तमिळनाडूत कावेरी जिथे समुद्राला मिळते तिथलं पूंपुहार मला म्हणूनच फार जवळचं वाटतं. दोन हजार वर्षांपूर्वी हे कावेरीपूंपट्टिनम होतं, चोळ राजांचं मोठं बंदर. टॉलेमीच्या भूगोलात ते ‘खाबेरिस’ म्हणून येतं. आज ते मयिलाडुतुरै जिल्ह्यातलं मच्छीमारांचं शांत गाव आहे. नवग्रहांच्या देवळांची सहल करणाऱ्या गाड्या इथे तासभर थांबतात, मंडळी वाळूत फोटो काढतात आणि ‘इथे तर काहीच नाही’ म्हणून निघून जातात. आपल्याकडच्या लोकांनी तसं करू नये, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

पहिली तयारी घरीच करायची. शिलप्पदिकारमची कथा वाचून जा. इळंगो अडिगळ यांचं हे तमिळ महाकाव्य पुहारमध्ये, म्हणजे इथेच, सुरू होतं. व्यापाऱ्याचा मुलगा कोवलन, त्याची बायको कण्णगी आणि नर्तकी माधवी, तिघंही याच गावातली. इंद्राच्या उत्सवानंतर कोवलन आणि माधवी समुद्रावर बसून आळीपाळीने गातात. तो गातो ते तिला टोचतं, ती उत्तरादाखल गाते ते त्याला टोचतं, आणि तो उठून जातो. पैसा संपलेला, उरलेत ते कण्णगीच्या पायातले पैंजण. ते विकायला दोघं पहाटेच्या आधी घर सोडून कावेरीच्या काठाने मदुरैची वाट धरतात. तिथे सोनाराच्या कारस्थानाने कोवलनवर राणीचा पैंजण चोरल्याचा आळ येतो आणि त्याचा जीव जातो. कण्णगी भर दरबारात उभी राहून पैंजण फोडते. राणीच्या पैंजणात मोती असतात, हिच्यातून माणकं उडतात. एवढं डोक्यात असलं की किनाऱ्यावरची रिकामी वाळू रिकामी राहत नाही.

जमलं तर ‘पट्टिनप्पालै’ या जुन्या कवितेचा अनुवादही चाळा. करिकाल चोळाच्या काळातल्या या बंदराचं त्यात वर्णन आहे: समुद्रावरून आलेले घोडे, मिऱ्यांची पोती, पश्चिमेच्या डोंगरातलं चंदन, दक्षिणेचे मोती, पूर्वेची पोवळी. मालावर जकातीचे अधिकारी वाघाचा शिक्का मारायचे. तेव्हा आपल्याकडे कल्याण-सोपाऱ्यालाही परदेशी गलबतं लागत होती, म्हणून हे वाचताना मला परकं असं काही वाटत नाही.

कधी जायचं, याचा हिशेब आपल्या उलटा आहे. तिथला खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि त्याच दिवसांत वादळंही येतात. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. मासे खायला जाणार असाल तर पूर्व किनाऱ्यावरची मासेमारी बंदी १५ एप्रिल ते १४ जून असते, हे धरून चाला. आपली १ जून ते ३१ जुलै. आडी महिन्यातल्या अमावास्येला आणि अठराव्या दिवशी, म्हणजे साधारण जुलै-ऑगस्टमध्ये, संगमावर स्नानाला मोठी गर्दी लोटते. गर्दीची हौस असेल तर ते दिवस धरा, शांतता हवी असेल तर टाळा.

नवी मुंबईकरांना चेन्नईची गाडी पकडायला कल्याण सोयीचं. प्रवासात एक दिवस-रात्र जाते. चेन्नईत एग्मोर किंवा तांबरमहून मयिलाडुतुरैची गाडी घ्यायची, साधारण पाच-सहा तास. मध्ये भरपूर वेळ ठेवा, सेंट्रल आणि एग्मोर ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. मुक्काम मयिलाडुतुरैला केलेला बरा, लॉज तिथे जास्त आहेत. पुढे बसने तासाभराचा रस्ता. बसवरच्या पाट्या बहुतेक तमिळमध्येच असतात, त्यामुळे कंडक्टरला ‘पूंपुहार?’ एवढंच विचारा. मोठ्या माणसाला अण्णा, बाईला अक्का म्हटलंत की लोक हात धरून गाडीत बसवून देतात.

गावात पोचल्यावर लगेच समुद्राकडे धावू नका. आधी कीळैयूरला जा. तिथल्या उत्खननात विटांनी बांधलेला धक्का आणि होड्या बांधायचे लाकडी खांब सापडले. त्या लाकडाचा काळ इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकाच्या आसपास जातो. धक्का आज समुद्रापासून आत आहे, कारण होड्या कावेरीच्या फाट्यातून वर यायच्या. मला हे फार पटलं. आमच्याकडेही होडी उघड्या समुद्रावर कोण ठेवतो? खाडीच्या आत, लाटांच्या माऱ्यापासून लांबच बांधतो. पुढे पल्लवनेश्वरमजवळ बौद्ध विहाराचे विटांचे पाये उघडे केले आहेत, तेही बघा. माधवीची मुलगी मणिमेकलै पुढे बौद्ध भिक्षुणी झाली. तिच्या नावाच्या महाकाव्यात इंद्राचा उत्सव चुकला म्हणून समुद्राने हे नगर गिळल्याचं सांगितलं आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने इथल्या पाण्याखाली शोध घेतला. वाणगिरीच्या किनाऱ्यावर भाजक्या मातीच्या कड्यांच्या विहिरी लाटांच्या पट्ट्यात सापडल्या. गोड्या पाण्याची विहीर कुणी लाटांत खणत नाही. म्हणजे समुद्र तिथवर चालून आला, ही गोष्ट पुराव्याची आहे.

सात मजली शिलप्पदिकार कलादालन १९७३ सालचं आहे, भिंतींवर सगळी कथा दगडात कोरलेली. निघण्यापूर्वी ते उघडं आहे का, याची चौकशी करा.

मग समुद्र. पहाटे जा, सूर्य पाण्यातून वर येतो आणि आपल्या किनाऱ्यावर हे कधीच दिसत नाही. तिथे भरती-ओहोटीचा फरक जेमतेम एखाद मीटरचा. आपल्याकडे उधाणाला तो चार-पाच मीटर होतो, दिवाळ्याच्या जेट्टीखाली ओहोटीला नुसता चिखल उरतो. तिथे पाणी फारसं मागे हटत नाही. लाट थेट काठावर फुटते आणि पायाखालची वाळू ओढून नेते. आपल्या सवयीने कमरेपर्यंत आत जाऊ नका, मुलांचा हात सोडू नका. २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीने या पट्ट्यातल्या घराघरांतली माणसं नेली आहेत. जाळी दुरुस्त करत बसलेल्यांचे फोटो काढण्याआधी विचारा आणि त्सुनामीचा विषय आपणहून काढू नका.

संगमावर नदी बघून काहींची निराशा होते. मेट्टूर धरण आणि वरच्या शेतांना पाणी देत देत कावेरी इथे पोचते तेव्हा ती बारीक झालेली असते, उन्हाळ्यात तर वाळूच. तिने वाटेत किती शेतं भिजवली ते खिडकीतून पाहत आलात, तर इथली बारीक धार खटकत नाही.

दुसरा दिवस तरंगम्बाडीला द्या, किनाऱ्याने वीसेक किलोमीटर दक्षिणेला. डॅनिश लोकांनी १६२० मध्ये बांधलेला डान्सबोर्ग किल्ला तिथे आहे. शेजारीच मासिलामणीनाथाचं पांड्यकालीन देऊळ, त्याचा बराच भाग समुद्राने नेला. मला किल्ल्यापेक्षा देऊळ जास्त वेळ धरून ठेवतं. जेवण केळीच्या पानावरचं घ्या. वाढप्याला थांबवायचं तर ‘पोदुम’ म्हणा, नाहीतर भात येतच राहतो.

एक दिवस हाताशी असेल तर मयिलाडुतुरैहून गाडीने तंजावर गाठा. बृहदीश्वराच्या आवारात भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा १८०३चा मराठी शिलालेख आहे. तो ओळीओळीने वाचायला वेळ लागतो आणि देवळात अनवाणी चालावं लागतं, म्हणून फरशी तापायच्या आत, सकाळीच पोचा.