पोस्ट-पेरोव्स्काइटचं टेक्स्चर: हीटिंगनंतरची पहिली फ्रेम चुकवू नका

पोस्ट-पेरोव्स्काइट म्हणजे पृथ्वीच्या पोटात खोलवर, प्रचंड दाबाखाली बनणारं मॅग्नेशियम सिलिकेटचं रूप, आणि टेक्स्चर म्हणजे त्याचे कण ठरावीक दिशेला लागलेले असणं. डायमंड अँव्हिल सेल (दोन हिऱ्यांमध्ये नमुना दाबायचं साधन) भरता येतो आणि रिटव्हेल्ड फिटिंग (क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखावर स्फटिकाचं मॉडेल बसवणं) हाताखालून गेलंय, असं धरून लिहितोय.

रेडियल डिफ्रॅक्शनमध्ये क्ष-किरण हिऱ्यांतून नाही, आडवे गॅस्केटमधून, म्हणजे नमुन्याभोवतीच्या कड्यातून जातात. त्यामुळे क्ष-किरण अडवणारं रेनियम बाद. बेरिलियम किंवा बोरॉन-इपॉक्सी घ्या. बेरिलियमची पूड फुफ्फुसं कायमची खराब करते, तेव्हा उघड्या टेबलावर त्याला भोक पाडायचं नाही म्हणजे नाही. नमुन्यासोबत ठेवलेल्या प्लॅटिनमवरून दाब काढताना त्याच्या स्फटिक-जाळीचं अंतर दाबाच्या अक्षापासून ५४.७ अंशांवरच वाचा. अक्षाच्या दिशेने वाचलंत तर दाब जास्त दिसतो, काटकोनात वाचलंत तर कमी.

आता खरा सापळा. २००४ मध्ये सापडलेलं मॅग्नेशियम सिलिकेटचं हे रूप साधारण १२५ गिगापास्कल आणि २५०० केल्विनला, म्हणजे गाभ्याच्या सीमेलगतच्या डी-डबल-प्राइम थरात येतं. सेलमध्ये ते बनवायला लेसरने तापवावं लागतं, आणि बनतानाच कण एका दिशेला लागलेले असतात. अजून विरूपण (दाबाने कणांचा आकार बदलणं) सुरूही झालेलं नसतं, पण इन्व्हर्स पोल फिगरवर (दाबाच्या अक्षाकडे स्फटिकाची कोणती दिशा किती वळली आहे ते दाखवणाऱ्या नकाशावर) ठसठशीत शिखर दिसतं आणि माणूस खूश होऊन स्लिप सिस्टीम, म्हणजे स्फटिक कोणत्या प्रतलावर कोणत्या दिशेला घसरतो ते, जाहीर करतो. २००७ मध्ये (१००) आणि (११०) प्रतलांचं टेक्स्चर छापून आलं (कंसातले आकडे म्हणजे स्फटिकातलं कोणतं प्रतल ते). २०१० मध्ये काचेपासून सुरुवात केली तर (००१) मिळालं. सुरुवातीचा पदार्थ बदलला की जन्मजात टेक्स्चर बदलतं. विरूपणाचं म्हणायचं तर ते दाबासोबत वाढलं पाहिजे.

म्हणून लेसर बंद केल्याबरोबर फ्रेम, म्हणजे डिटेक्टरवरचं विवर्तन-चित्र, घ्या. मग ५-१० गिगापास्कलच्या पायऱ्यांनी निदान २०-३० गिगापास्कल चढा आणि प्रत्येक पायरीला फ्रेम घ्या. शिखर जिथल्या तिथे, तेवढंच राहिलं तर ते रूपांतराचं. चढत गेलं किंवा सरकलं तर स्लिपबद्दल बोला. मध्येच पुन्हा तापवलंत तर ताण सैल पडतो, कणही नव्याने वाढू शकतात, आणि तुलना संपली. पहिली फ्रेम नसेल तर पुढच्या सगळ्या फ्रेम असूनही उपयोग नाही.

फ्रेममधल्या विवर्तन-वर्तुळाचे ५ अंशांचे ७२ काप करा. सीनियरची तयार पॅरामीटर फाइल उघडून आकडे बदलणं हा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. सेरियम ऑक्साइडवरून डिटेक्टरचं कॅलिब्रेशन स्वतः बसवा. मार्गदर्शक निवडताना पेपर नंतर मोजा, फसलेल्या रन्सच्या नोंदी गटात जपतात का ते आधी विचारा.

हिरे फुटतील, बऱ्याचदा दाब उतरवताना. सगळ्यांचेच फुटतात, मनाला लावून घेऊ नका.

आणि थेट १५० गिगापास्कलला हात घालू नका. आधी मॅग्नेशियम ऑक्साइड भरा. खोलीच्या तापमानाला ३०-४० गिगापास्कलपर्यंत त्यात रूपांतर होत नाही, त्यामुळे जे टेक्स्चर येतं ते विरूपणाचंच, आणि दाबाच्या अक्षाकडे (१००)चं शिखर उठायलाच हवं. नाही उठलं तर खनिजाला दोष देऊ नका. सेलचा अक्ष डिटेक्टरवर नेमका कुठे येतो ते पुन्हा तपासा.