न आलेल्या रुग्णाचं काय झालं? ऑर्थोत थिसिस करायला घेणाऱ्यांसाठी

ऑर्थोच्या, म्हणजे अस्थिरोगशास्त्राच्या, पहिल्या वर्षाला लागून महिना होत नाही तोच गाईड विचारतात, "विषय ठरला का?" आपली तेव्हा धड झोपही झालेली नसते. कॅज्युअल्टी, प्लास्टर रूम, वॉर्डातली ड्रेसिंगं, रक्ताच्या बाटलीसाठी धावपळ, आणि त्यात हे. मग सीनियरची जुनी सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचा आराखडा, घ्यायची, वर्ष बदलायचं, इंप्लांटचं नाव बदलायचं आणि देऊन टाकायची, हा मोह सगळ्यांना होतो. मलाही झाला. ठाण्यातल्या एका रुग्णालयात मी एमएस केलं, आता तिथल्याच मुलामुलींच्या थिसिस बघते. दरवर्षी त्याच चार चुका समोर येतात, त्यातल्या तीन मी स्वतः केलेल्या आहेत.

विषयाचं आधी बोलते. मला तरुण रुग्णांतल्या खुब्याच्या सांधेरोपणावर काम करायचं होतं. गाईडनी हो-नाही काही म्हटलं नाही. "ऑपरेशन थिएटरचं रजिस्टर काढ आणि मागच्या वर्षीच्या केसेस मोज," एवढंच म्हणाले. दुपारभर बसून मोजल्या. तशा केसेस हाताच्या बोटांवर, आणि खुब्याजवळ हाड मोडलेले म्हातारे पानोपानी. शहापूर, मुरबाड, भिवंडी, कळवा, मुंब्रा, दिवा. न्हाणीघरात पाय घसरला, अंगणात शेवाळावरून पडले, रात्री लघवीला उठताना पडले. विषय त्या रजिस्टरात होता, मी तो दुसरीकडे शोधत होते. तुमच्याकडे घोडबंदर रोडवरच्या दुचाकीच्या अपघातांतले पाय जास्त येत असतील, तर तुमचा विषय नडगीच्या हाडात आहे. तुमच्या हाताखालून वर्षाला किती रुग्ण जातात हे आधी मोजा, मगच संख्याशास्त्रवाल्यांकडे नमुन्याचा आकार विचारायला जा. उलटं केलंत तर शेवटच्या सहा महिन्यांत रडायची पाळी येते.

अभ्यासाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीला घाबरू नका, पण गृहीतही धरू नका. मला त्यांनी एकच प्रश्न विचारला आणि मी गप्प झाले: "सहाव्या महिन्याचा एक्स-रे नेहमीच्या उपचारात नाही, तुमच्या अभ्यासासाठी आहे. त्याचे पैसे कोण देणार?" अभ्यासासाठी म्हणून केलेल्या तपासणीचा भार रुग्णावर टाकायचा नसतो. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं एकदा बसून नीट वाचा, रात्रभर पुरतील एवढीच आहेत. दोन उपचारांची तुलना करणार असाल, म्हणजे कुणाला हे इंप्लांट आणि कुणाला ते, तर सीटीआरआयवर, म्हणजे रुग्णांवरच्या चाचण्यांच्या नोंदवहीत, नोंद लागते. ही देशाची नोंदवही २००७ साली सुरू झाली, आणि १ एप्रिल २०१८ पासून तिथे पहिला रुग्ण घ्यायच्या आधी केलेली नोंदच चालते. काम सुरू करून मग नोंदवू म्हणाल, तर दार बंद.

आता वेळेबद्दल, कारण इथे आपल्या केसपेपरवर विश्वास ठेवून चालत नाही. खुबा मोडल्यावर ऑपरेशन जितकं लवकर तितकं बरं, असं आपण शिकतो. २०२० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात हिप अटॅक नावाचा अभ्यास आला. १७ देशांतली ६९ रुग्णालयं, २९७० रुग्ण, आणि त्यात भारतही होता. एका गटाचं ऑपरेशन निदानानंतर साधारण ६ तासांत झालं, दुसऱ्याचं साधारण २४ तासांत. तीन महिन्यांतल्या मृत्यूंत ठळक फरक दिसला नाही. पण त्यातलं घड्याळ निदानापासून सुरू होतं. आपल्याकडचा म्हातारा माणूस पडतो सोमवारी, हाडवैद्याकडून मंगळवारी पट्टी बांधून घेतो आणि आपल्या दारात येतो शुक्रवारी. केसपेपरवर शुक्रवारची वेळ असते. "ऑपरेशनला उशीर" मोजायचा तर तुम्हाला सोमवार शोधावा लागतो. "किती वाजता पडलात?" असं विचारून काही हाती लागत नाही. "दिवाबत्ती झाली होती का? जेवण झालं होतं? त्या दिवशी बाजार होता का?" असं विचारलं की नातेवाईक आपसात बोलू लागतात आणि तास-दोन तासांच्या अंतरात वेळ सापडते. माझ्या प्रोफॉर्मात, म्हणजे रुग्णाची माहिती भरायच्या तक्त्यात, पडल्याची वेळ, पहिल्यांदा कुणाला दाखवलं ती वेळ, कॅज्युअल्टीची वेळ आणि ऑपरेशन थिएटरात घेतल्याची वेळ असे चार वेगळे रकाने होते. त्या चार रकान्यांनी मला जे शिकवलं ते पुस्तकात नव्हतं.

मोजमापाची चूक मात्र पुरती माझी. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकात आपण पीएफएन, म्हणजे हाडाच्या पोकळीत बसणारा धातूचा दांडा (नेल), घालतो. त्याचा मोठा स्क्रू हाडाच्या गोळ्यात किती खोल आणि किती मध्यभागी बसलाय, हे बघायला टिप-अपेक्स अंतर मोजतात. समोरून काढलेल्या एक्स-रेत स्क्रूच्या टोकापासून गोळ्याच्या शिखरापर्यंतचं अंतर, बाजूच्या एक्स-रेत तेच, दोन्हींची बेरीज. बॉमगार्टनर आणि सहकाऱ्यांनी हे १९९५ साली मांडलं. त्यांच्या मालिकेत ज्या १२० स्क्रूंचं अंतर २५ मिलिमीटर किंवा कमी होतं, त्यातला एकही हाड फोडून बाहेर आला नाही. तेव्हापासून २५ हा आकडा प्रत्येक रेसिडेंटच्या तोंडी आहे.

मी काय केलं? व्ह्यू-बॉक्सवर, म्हणजे एक्स-रे बघायच्या दिव्याच्या पेटीवर, लावलेल्या एक्स-रेचे मोबाईलवर फोटो काढले आणि घरी बसून लॅपटॉपवर पट्टीनं मोजले. पंधरा-वीस रुग्णांचे आकडे भरून झाले होते. गाईडनी एक फिल्म उचलली आणि विचारलं, "हा स्क्रू किती जाडीचा?" मी म्हटलं, आठ मिलिमीटर. "फिल्मवर मोज." फिल्मवर तो ९.६ भरला. म्हणजे चित्र सव्वा नाही तरी १.२ पट मोठं होतं. समोरून १३, बाजूने १६, माझी बेरीज २९, म्हणजे स्क्रू वाईट बसलाय असा शेरा. दोन्ही आकडे १.२ ने भागले की बेरीज २४.२. तोच स्क्रू चांगला ठरला. बाजूचा एक्स-रे दुसऱ्या अंतरावरून काढलेला असतो, म्हणून त्याचं प्रमाण वेगळं काढावं लागतं, ही आणखी एक गोष्ट. स्क्रूची खरी जाडी आपल्याला ठाऊक असते, तीच आपली मोजपट्टी. मी सगळे रुग्ण पहिल्यापासून मोजले. त्या रात्री मला खूप वाईट वाटलं होतं, कारण ते आकडे तसेच गेले असते तर कुणीतरी ते खरे मानले असते.

आणि एकट्यानं मोजू नका. हाडांचं वर्गीकरण करायची हौस आपल्याकडे फार जुनी. सुश्रुतसंहितेत हाड मोडण्याचे बारा आणि सांधा निखळण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. पण वर्गीकरण कागदावर जितकं स्वच्छ दिसतं तितकं डोळ्यांना दिसत नाही. गार्डन या सर्जननं १९६१ साली मांडीच्या हाडाच्या मानेजवळच्या फ्रॅक्चरचे चार प्रकार केले, आपण आजही तेच लिहितो. आठ जणांना तेच शंभर एक्स-रे दाखवून पाहिले, तेव्हा आठही जणांचं एकमत झालं ते फक्त २२ मध्ये. म्हणून बरोबरच्या रेसिडेंटला बसवा, रुग्णाचं नाव झाका, त्याचे आकडे तुम्हाला दिसू देऊ नका, तुमचे त्याला. दोन आठवड्यांनी स्वतःच पुन्हा मोजा. स्वतःशीच किती फरक पडतो हे पाहून धक्का बसतो, तो बसू द्या.

प्रश्नावलीचं तसंच. खुबा किती चांगला चालतो याला गुण देणारा हॅरिस हिप स्कोअर १९६९ चा, अमेरिकेतला. शंभरपैकी वेदनेला ४४ गुण, हालचाल-कामकाजाला ४७. त्यात बूट-मोजे घालता येतात का याला ४ गुण आहेत. मुरबाडकडच्या एका आजींना मी इमानेइतबारे विचारलं, "आजी, मोजे घालता येतात का?" आजी माझ्याकडे बघत राहिल्या. "मोजं? जन्मात घातलं नाय बाय." मी शून्य लिहायचं की चार? मग मी त्यांना पाय वर घेऊन पायाच्या बोटातलं जोडवं फिरवून दाखवायला सांगितलं. त्यांनी सहज दाखवलं. गुण दिले, आणि का दिले ते शेजारी लिहून ठेवलं. याच स्कोअरमध्ये सार्वजनिक वाहनात चढता येण्याला एकच गुण आहे. दिव्याहून रोज लोकलनं कामाला जाणाऱ्या माणसाच्या घरात त्या एका गुणावर चूल पेटते. उलट आपल्याकडे मांडी घालणं, उकिडवं बसणं, देशी संडास, देवापुढे टेकणं याला त्यात जागाच नाही. मूळ स्कोअर बदलू नका, नाहीतर जगाशी तुलना करता येणार नाही. पण त्याच्या खाली या चार गोष्टींचे वेगळे रकाने घाला. माझ्या थिसिसमध्ये परीक्षकांनी सर्वात जास्त वेळ त्याच पानावर घालवला.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. सहा महिन्यांच्या फॉलोअपला माझे अकरा रुग्ण आले नाहीत. "लॉस्ट टू फॉलोअप" असा एक सोयीचा शब्द आहे, तो लिहायचा आणि उरलेल्यांची टक्केवारी काढायची, असं सगळे करतात. पण समजा, ४० रुग्ण घेतले, ३० आले, त्यातल्या ३ जणांचं बिघडलं. तुम्ही लिहिता १० टक्के. न आलेले दहाही बरे असतील तर खरा आकडा ७.५. दहाही बिघडले असतील तर ३२.५. या दोन टोकांमध्ये कुठेही खरं असू शकतं, आणि तुम्ही १० लिहून मोकळे होता.

हे फक्त थिसिसपुरतं नाही. ब्रिटिश सर्जन जॉन चार्नली यांनी १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये इंग्लंडमधल्या राइटिंग्टनला पॉलिथिलिनच्या वाटीचा कृत्रिम खुबा बसवायला सुरुवात केली, आणि आजचं सांधेरोपण तिथून पुढे आलं. पण त्याआधी काही वर्षं ते टेफ्लॉनची वाटी वापरत होते. सुरुवातीला रुग्ण खूश. दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजलं, त्याच्या भुकटीनं आजूबाजूचं हाड खाल्लं. चार्नलींनी ती भुकटी स्वतःच्या मांडीत टोचून घेतली, शरीर काय करतं ते बघायला. आपले रुग्ण पुन्हापुन्हा बोलावून तपासायची त्यांची शिस्त नसती, तर ती वाटी किती जणांना आणखी बसली असती कोण जाणे. स्वीडननं गुडघ्याच्या सांधेरोपणाची नोंदवही १९७५ ला आणि खुब्याची १९७९ ला सुरू केली ती याचसाठी. २०१० साली धातूवर धातू घासणारा एक कृत्रिम खुबा जगभरातून परत घ्यावा लागला, त्याचा दोष आधी अशा नोंदवह्यांतच दिसला होता. एकेका सर्जनला आपल्या ओपीडीत तो कधीच दिसला नसता.

तर माझे अकरा. आधी फोन. चार नंबर बंद. भिवंडीच्या लूमवरचा एक जण गावी गेला होता, उत्तर प्रदेशात. त्याच्या भावानं तिथल्या एक्स-रेचा फोटो पाठवला, हाड जुळलेलं होतं. दोघी जणी आषाढात आवणी चालू होती म्हणून आल्या नव्हत्या. मी तारखा देताना पंचांग बघितलंच नव्हतं! तेव्हापासून शहापूर-मुरबाडच्या रुग्णाला मी आवणीत आणि गणपतीत तारीख देत नाही. तिघे वारले होते. खुबा मोडलेल्या म्हाताऱ्या माणसांत पहिल्या वर्षात असं होतं, हे पुस्तकात वाचलेलं असतं. सुनेच्या तोंडून फोनवर ऐकताना काय बोलावं कळत नाही. तुम्हीही तो फोन स्वतः करा, इंटर्नला करायला लावू नका. आणि आकडा विचारायच्या आधी घरच्यांची विचारपूस करा.

शेवटचं नाव होतं त्या मोजेवाल्या आजींचं. तिसऱ्या महिन्यात चालत आल्या होत्या, सहाव्याला नाहीत. नंबर मुलाचा, तो लागेना. एका रविवारी कल्याणहून एसटीनं मुरबाड, पुढे जीपनं त्यांच्या गावी गेले. आजी पडवीत खाटेवर होत्या. "दुखतंय, पन म्हातारपन हाय ना बाय." पाय आखूड झाला होता आणि बाहेर वळला होता. स्क्रू गोळ्यातून वर आलाय, हे तिथेच कळलं. घरच्यांना वाटत होतं की ऑपरेशन झालंय, आता जे आहे ते आहे. परत जायचं असतं हे त्यांना कुणी समजेल असं सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं. डिस्चार्ज कार्डवर मी इंग्रजीत "रिव्ह्यू" लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मुलगा त्यांना घेऊन आला. नेल काढून गोळा बदलला. चौथ्या दिवशी आजी वॉकर धरून उभ्या राहिल्या.

माझ्या हाताखालच्या मुलांच्या प्रोफॉर्मात आता तीन फोन नंबर असतात: रुग्णाचा, घरातल्या दुसऱ्या कुणाचा, आणि गावातल्या किराणा दुकानाचा किंवा आशाताईंचा. डिस्चार्ज कार्डवर मोठ्या अक्षरात मराठीत लिहायचं: कोणत्या तारखेला, कोणत्या खोलीत, बरोबर काय आणायचं, आणि पाय आखूड वाटला किंवा टेकवेना तर तारखेची वाट न बघता लगेच यायचं. वाचता येत नसेल त्याला नातवाकडून मोठ्यानं वाचून घ्यायला लावायचं, आपल्यासमोर, वॉर्डातच.