उत्क्रांतीकडून लेव्हल बनवून घेताय? या चुका टाळा

नागपुरातल्या इतवारीच्या गल्ल्यांतून ऑटो बाहेर काढायचा, एवढाच माझा गेम. नकाशा २० बाय २० चौकटींचा. हातानं नकाशे काढून कंटाळलो, म्हणून जेनेटिक अल्गोरिदम लावला: संगणक बरेच नकाशे बनवतो, चांगले निवडतो, त्यांची सरमिसळ आणि किरकोळ बदल करून पुढची पिढी काढतो. फिटनेसचा, म्हणजे नकाशाला गुण देण्याचा, नियम असा की, सर्वांत जवळचा रस्ता जितका लांब तितके गुण जास्त. गुणांचा आलेख झकास चढला. भाचीला खेळायला दिलं, तर ती म्हणते, "मामा, इथं वळाचंच कुठं आहे? एकच तर रस्ता आहे!"

खरंच होतं. नागमोडी बोळ, ना चौक ना फाटा. लांब मागितला, लांब मिळाला.

मग बंद गल्ल्यांना गुण दिले. तर भिंतीभिंतीला एकेका चौकटीच्या खोबण्या! शेवट आधीच दिसतो, फसणार कोण? किमान ४ चौकटी खोल असलेली गल्लीच मोजायला लागलो, तेव्हा कुठं गंमत आली. बहुतेक बिघाड या फिटनेसमध्येच असतो, आणि आपण उगाच म्युटेशनचा (किरकोळ बदलांचा) दर हलवत बसतो. दर १० पिढ्यांनी पहिल्या नंबरचा नकाशा स्वतः खेळा.

रस्ता तुटलेल्या नकाशाला सरळ शून्य देऊ नका. एक भिंत पाडली की जुळणारा आणि पार बुजलेला, दोघं सारखेच ठरतात. तुटलेल्यांची वेगळी लोकसंख्या ठेवा. तिथं गुण एकाच गोष्टीला, जुळायला किती भिंती पाडाव्या लागतील. जुळला की नकाशा चांगल्या नकाशांच्या गटात.

क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे दोन नकाशांची सरमिसळ करताना, चौकटीगणिक नाणेफेक केली तर नकाशाचा चिवडा होतो. आयताकृती तुकडे अदलाबदल करा.

सगळे नकाशे जुळ्या भावांसारखे दिसू लागले तर मॅप-एलिट्स वापरा. मूरे आणि क्लून या संशोधकांची ही २०१५ची पद्धत. चौक किती, रस्ता किती लांब, असे खण पाडायचे आणि प्रत्येक खणातला उत्तम तेवढा ठेवायचा.

१०० नकाशे, २०० पिढ्या म्हणजे २०,००० तपासण्या. नकाशा आपोआप खेळून बघणाऱ्या प्रोग्रामला, म्हणजे बॉटला, एका खेळाला अर्धा सेकंद लागला तरी पावणेतीन तास जातात. म्हणून आधी रस्ता आहे का ते बघा, मगच बॉट सोडा.

आणि 'एक तास चालव' अशी अट घालू नका, पिढ्या मोजा. मे महिन्यात माझा लॅपटॉप तापून मंदावला, पिढ्या कमी झाल्या. सीड (यादृच्छिक आकडे जिथून सुरू होतात तो आकडा) तोच असूनही नकाशे डिसेंबरपेक्षा वेगळे, आणि मी आठवडाभर कोडमध्ये बग शोधत होतो.