हवेत इंधन, पोटात रणगाडा: टँकर आणि मालवाहू विमानांच्या कामातील या चुका टाळा

10 सप्टेंबर 2018 रोजी तेजस विमानाने 20,000 फुटांवर आयएल-78 टँकरकडून, म्हणजे उडता उडता दुसऱ्या विमानाला इंधन देणाऱ्या विमानाकडून, 1,900 किलो इंधन घेतले आणि त्याची मोठी बातमी झाली. त्याआधी, 4 सप्टेंबरला, तेजस त्याच प्रकारच्या टँकरला जोडले गेले होते आणि इंधनाचा थेंबही न घेता सुटले होते. मला ही कोरडी जोडणी अधिक महत्त्वाची वाटते. इंधन वाहू लागण्यापूर्वी केवळ जोडणे आणि सुटणे निर्दोष जमले पाहिजे, आणि जमत नसेल तर कसलाही संकोच न करता मागे येता आले पाहिजे. या क्षेत्रातील बहुतेक मोठ्या चुका या मागे येण्याला उशीर झाल्यामुळे घडतात. हवाई दलाच्या मालवाहू शाखेत जाऊ पाहणाऱ्या तरुणांनी ही गोष्ट प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावी.

टोपलीचा पाठलाग

भारतीय हवाई दलाची आयएल-78 टँकर विमाने 2003 पासून आग्र्याच्या 78 क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये आहेत. या विमानाच्या दोन्ही पंखांखाली आणि शेपटीकडील भागात मिळून तीन ठिकाणांहून लांब नळी सोडता येते आणि प्रत्येक नळीच्या टोकाला टोपलीसारखे शंकूच्या आकाराचे ड्रोग असते. इंधन घेणाऱ्या सुखोई, मिराज किंवा तेजसच्या वैमानिकाने आपल्या विमानाचा प्रोब, म्हणजे इंधन घेण्यासाठी पुढे आलेली ताठ दांडी, या टोपलीत नेऊन बसवायचा असतो. नवख्या वैमानिकाची पहिली चूक इथेच होते, ती म्हणजे तो टोपलीकडेच पाहत राहतो. टोपली हवेत सतत डोलत असते. शिवाय मागून येणाऱ्या विमानाच्या नाकापुढे दाबली गेलेली हवा तिला शेवटच्या क्षणी बाजूला ढकलते. ती डावीकडे गेली म्हणून वैमानिक डावीकडे वळतो, तोवर ती उजवीकडे आलेली असते, आणि दोन-तीन फेऱ्यांत टोपलीपेक्षा विमानच अधिक हलू लागते. यावरचा उपाय असा की नजर टँकरवर आणि त्याच्यावरील ठरलेल्या खुणांवर ठेवावी, टोपली केवळ डोळ्यांच्या कडेने पाहावी आणि विमान वळवणाऱ्या कांडीवरची पकड सैल ठेवावी. विमान डोलू लागले, तर ते तिथल्या तिथे सावरण्याचा प्रयत्न न करता काही फूट मागे येऊन, स्थिर होऊन पुन्हा सुरुवात करणे हाच खरा वेळ वाचवणारा मार्ग आहे.

दुसरी चूक जवळ जाण्याच्या वेगाची. टँकरच्या तुलनेत दोन-चार नॉट अधिक, म्हणजे माणसाच्या भरभर चालण्याइतका वेग पुरेसा असतो. तो कमी पडला तर प्रोब टोपलीत टेकतो, पण आतली कळ लागत नाही. तो जास्त झाला तर नळीला अचानक ढिलाई येते, टँकरवरील रीळ ती तेवढ्या त्वरेने गुंडाळू शकत नाही, आणि नळीतून चाबकाच्या फटक्यासारखी लाट परत येऊन प्रोबचे टोक मोडते. हे टोक मुद्दामच कमकुवत ठेवलेले असते, जेणेकरून ताण आला तर तेवढेच तुटावे आणि विमान वाचावे. म्हणून नळीत लाट उठताना दिसली की तपास वेगाचा आणि रिळाचाही करावा. दोष फक्त वैमानिकाचा असतो असे नाही. जोडणी झाली पण इंधन येत नाही, ही तक्रारही नेहमीची आहे. जोडल्यानंतर विमान थोडे पुढे सरकवून नळी ठरावीक लांबीपर्यंत आत ढकलली, तरच झडप उघडते आणि दिवा हिरवा होतो. हे विसरून टँकरच्या यंत्रणेला बोल लावणे बरोबर नाही.

वेग थोडा अधिक असणे किती महाग पडू शकते, हे 17 जानेवारी 1966 रोजी स्पेनमधील पालोमारेस गावाच्या आकाशात दिसले. अमेरिकेचे बी-52 बॉम्बफेकी विमान केसी-135 टँकरच्या मागे जरा वेगात आले आणि त्याच्याखाली पुढे सरकू लागले. टक्कर झाली, दोन्ही विमानांतील मिळून सात जण मृत्युमुखी पडले आणि अण्वस्त्रे खाली कोसळली. बी-52 च्या वाचलेल्या वैमानिकाच्या सांगण्यानुसार, टँकरवरून दूर होण्याचा इशारा आलाच नाही. तिथे लवचिक नळीऐवजी बूम, म्हणजे टँकरवरून खाली येणारा इंधनाचा ताठ दांडा, होता, पण धडा दोन्ही पद्धतींना सारखाच लागू होतो. इशारा देण्याचा अधिकार ज्याला अंतर दिसते त्या प्रत्येकाला असला पाहिजे, मग समोरच्या विमानात कितीही वरिष्ठ अधिकारी बसलेला असो. आणि इशारा आला नाही म्हणजे सर्व ठीक आहे, असे मागच्या वैमानिकाने कधीही धरू नये.

नियोजनाच्या टेबलावरील चुका

टँकर भेटणारच, हे गृहीत धरून समुद्रावर निघणे ही नियोजनातील सर्वांत धोक्याची चूक आहे. जुलै 2020 मध्ये पहिली पाच राफेल विमाने फ्रान्सहून संयुक्त अरब अमिरातीतील अल धाफ्रा तळामार्गे अंबाल्याला आली, तेव्हा वाटेत फ्रान्सच्या टँकरने त्यांना इंधन दिले. अशा प्रत्येक भेटीच्या आधी विमानात एवढे इंधन शिल्लक असावे लागते, की जोडणी मुळीच झाली नाही तरी जवळचा पर्यायी तळ गाठता यावा. भेटीचे ठिकाण नकाशावर सोयीचे दिसते म्हणून ते पुढे ढकलू नये.

कोणतेही विमान कोणत्याही टँकरकडून इंधन घेऊ शकते, हाही एक गैरसमज आहे. आपल्या सी-17 या मालवाहू विमानाच्या पाठीवर, कॉकपिटच्या मागे, बूमसाठीचे तोंड आहे. आयएल-78 कडे केवळ नळी आणि टोपली आहे. म्हणून सी-17 चा पल्ला ठरवताना आपले टँकर हिशेबात धरता येत नाहीत.

लेहसारख्या साडेदहा हजार फुटांहून उंच धावपट्टीबाबतची चूक आणखी साधी आहे. तिथे जेवढा माल उतरवला, तेवढाच परत उचलता येईल असे समजले जाते. विरळ हवेत, त्यातही उन्हे चढल्यावर, इंजिनाची ताकद आणि पंखांची उचल दोन्ही घटतात. परतीचा भार त्या वेळच्या तापमानावरून नव्याने मोजावा आणि उड्डाण सकाळीच उरकावे.

पट्टा तुटला, म्हणजे काय बिघडले?

29 एप्रिल 2013 रोजी अफगाणिस्तानात बग्राम तळावरून उडालेले बोइंग 747 मालवाहू विमान काही क्षणांतच कोसळले आणि आतील सातही जण दगावले. विमान खासगी कंपनीचे होते, माल मात्र लष्करी होता: पाच चिलखती वाहने, एकेक 12 ते 18 टनांचे. किमान एक वाहन सुटून मागे सरकले, त्याने आतल्या हवेचा दाब टिकवणारी मागची भिंत फोडली, हायड्रॉलिक यंत्रणा आणि शेपटीचा आडवा पंख हलवणारा स्क्रू निकामी केला. वाहने नीट जखडली नव्हती, असा चौकशीचा निष्कर्ष होता.

जखडण्यातील चूक पट्ट्यांच्या संख्येत कमी आणि त्यांच्या कोनात अधिक असते. 5,000 किलो क्षमतेचा पट्टा विमानाच्या जमिनीशी 60 अंशांचा कोन करून बांधला, तर माल मागे सरकण्याविरुद्ध त्याची ताकद केवळ 2,500 किलो उरते. 12 टनांच्या वाहनाला मागील दिशेने दीडपट, म्हणजे 18,000 किलोचा रोध हवा असेल, तर चार नव्हे, आठ पट्टे लागतात. आणि पट्टा बाजूलाही तिरका असेल तर आठही अपुरे पडतात. म्हणून पट्टे मोजण्याआधी कोन मोजावा. एकाच दिशेच्या रोधासाठी साखळी आणि नायलॉनचा पट्टा एकत्र वापरू नयेत, कारण नायलॉन ताणले जाते आणि सगळा भार एकट्या साखळीवर येतो. टायरवर उभे असलेले वाहन हादऱ्यांनी खालीवर होते व पट्टे सैल पडतात, त्यामुळे उड्डाणानंतर आणि प्रत्येक थांब्यावर ताण पुन्हा तपासावा. वाहनाचे वजन कागदावरून न घेता काट्यावर घ्यावे, कारण नोंदीनंतर त्यात पाणी, दारूगोळा किंवा सामान भरलेले असू शकते, आणि मग गुरुत्वमध्याचा सगळा हिशेब चुकतो.

उड्डाणापूर्वीच्या बग्रामच्या थांब्यावर त्या विमानातील कर्मचाऱ्यांना माल हलल्याचे आणि एक पट्टा तुटल्याचे दिसले होते, हे कॉकपिटमधील संभाषणाच्या ध्वनिमुद्रणातून पुढे कळले. तुटलेला पट्टा बदलून बाकीचे आवळणे ही दुरुस्ती नव्हे, कारण तो पट्टा म्हणजे बिघाड नसून बिघाडाचे लक्षण असते. लोडमास्टरने, म्हणजे माल चढवण्या-जखडण्याची जबाबदारी असलेल्याने, अशा वेळी उड्डाण थांबवावे, किती वजन, किती पट्टे, कोणत्या कोनात, हे पुन्हा मांडावे, आणि हिशेब बसत नसेल तर वाहन खाली उतरवावे, भले पुढच्या तळावर कितीही वाट पाहिली जात असली तरी.