मॅक्रो लेन्स निवडताना आधी फूटपट्टी काढा

पाऊस सुरू झाला की किड्या-फुलांसारख्या बारीक गोष्टी अगदी जवळून टिपणाऱ्या लेन्ससाठी ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "मॅक्रो लेन्स घ्यायची आहे. कॅननची शंभर घेऊ की टॅमरॉनची नव्वद? की सिग्माची एकशेपाच?" विचारणाऱ्याने बहुतेक वेळा महिनाभर व्हिडिओ पाहिलेले असतात आणि कोणती लेन्स कोपऱ्यात किती शार्प आहे हेही त्याला तोंडपाठ असतं. मी उलट तीन प्रश्न विचारतो. फोटो कशाचे काढणार? ती गोष्ट केवढी आहे? आणि ती तुम्हाला किती जवळ येऊ देते?

एवढी उत्तरं मिळाली की निवड जवळपास झालेली असते. ९० ते १०५ मिमीच्या नावाजलेल्या मॅक्रो लेन्सपैकी शार्पनेसमध्ये नापास व्हावी अशी एकही माझ्या हातात आजवर आलेली नाही. एफ/११ ला, म्हणजे अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) बरंच बारीक ठेवून, काढलेला फोटो समोर ठेवला तर तो यांपैकी कोणत्या लेन्सचा, हे मला ओळखता येत नाही. फरक पडतो तो वेगळ्याच गोष्टींनी, म्हणून त्या क्रमाने पाहू.

पायरी १: जे टिपायचं आहे ते मोजा

मॅक्रो लेन्सवर १:१ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ इतकाच, की सर्वांत जवळून फोकस केल्यावर वस्तूची सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या फोटो टिपणाऱ्या चिपवर, पडणारी प्रतिमा वस्तूएवढीच असते. म्हणून आधी आपल्या सेन्सरची रुंदी माहीत हवी. मोठ्या सेन्सरची, म्हणजे फुल फ्रेमची ३६ मिमी, निकॉन आणि सोनीच्या त्याहून लहान क्रॉप सेन्सरची साधारण २३.५, कॅननच्या क्रॉपची २२.३ आणि मायक्रो फोर थर्ड्सची १७.३ मिमी. १:१ ला फ्रेममध्ये तेवढ्याच रुंदीचा तुकडा मावतो.

आता फूटपट्टी घ्या. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू नीलवंत, म्हणजे ब्ल्यू मॉरमॉन, पंख पसरल्यावर १२ ते १५ सेंमी भरतं. त्यासाठी मॅक्रो लेन्स लागतच नाही. कॅननची साधी ५५-२५० एसटीएम सर्वांत जवळून ०.२९ पट प्रतिमा देते, म्हणजे कॅननच्या क्रॉप फ्रेममध्ये जेमतेम ७७ मिमी मावतात. नीलवंतासाठी उलट थोडं मागेच सरकावं लागेल. ज्यांना फक्त फुलपाखरं आणि चतुर टिपायचे आहेत त्यांना मी मॅक्रो लेन्स घेऊ नका असंच सांगतो.

उडी मारणारा कोळी मात्र ८ मिमीचा असतो. कॅननच्या क्रॉप सेन्सरवर १:१ ला तो फ्रेमचा एक तृतीयांशाहून थोडा जास्त भाग व्यापेल. फोटो छान येतो, कापून मोठाही करता येतो. पण त्या कोळ्याचे फक्त डोळे हवे असतील, किंवा ३ मिमीच्या मुंगीचं तोंड हवं असेल, तर १:१ कमी पडतं. तिथे २:१, म्हणजे दुप्पट प्रतिमा, देणारी लाओवाची १०० मिमी, किंवा १:१ लेन्सच्या पुढे लावायची रेनॉक्स डीसीआर-२५० भिंग असा विचार सुरू होतो.

एक सावधगिरी. झूम लेन्सवर 'मॅक्रो' असं छापलेलं असतं त्यावर जाऊ नका. टॅमरॉनच्या जुन्या ७०-३०० वर तो शब्द आहे, पण ती १:२ पर्यंतच जाते. वाईट नाही, फक्त १:१ समजून घेऊ नका.

पायरी २: लेन्सच्या काचेपासून किती अंतर उरतं ते काढा

माझ्या मते सगळ्या निवडीचा जीव या पायरीत आहे, आणि जाहिरातीत हाच आकडा सापडत नाही.

माहितीपत्रकात 'किमान फोकस अंतर ३० सेंमी' असं दिलेलं असतं. वाचणाऱ्याला वाटतं, किडा आणि लेन्स यांच्यात ३० सेंमी राहणार. तसं नसतं. ते अंतर सेन्सरपासून मोजतात. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या डोक्यावर एका गोलातून आडवी रेघ गेल्याची खूण असते, ती सेन्सरची जागा. त्या ३० सेंमीतून कॅमेऱ्याच्या आतलं अंतर आणि लेन्सची लांबी वजा करायची. कॅननच्या डीएसएलआरमध्ये (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यात) माउंटपासून, म्हणजे लेन्स बसते त्या कड्यापासून, सेन्सर ४४ मिमी मागे असतो, निकॉनच्या डीएसएलआरमध्ये ४६.५ मिमी. आरसा नसलेल्या मिररलेसमध्ये कॅनन आरएफला २० मिमी, सोनी ई माउंटला १८ मिमी, निकॉन झेडला १६ मिमी.

कॅनन ईएफ १०० मिमी एफ/२.८ एल आयएस घ्या. किमान अंतर ३०० मिमी, लेन्सची लांबी १२३ मिमी. ३०० मधून १२३ आणि ४४ वजा केले की १३३ उरतात. तुमच्या आणि किड्याच्या मध्ये साधारण १३ सेंमी, वितीहूनही कमी. याच हिशेबाने सोनीची एफई ९० मिमी १३ सेंमी देते, सिग्माच्या दोन्ही १०५ आणि टॅमरॉनची नंतरची आतल्या आत फोकस होणारी ९० मिमी १४ च्या आसपास, निकॉनची एएफ-एस १०५ व्हीआर १५ सेंमी. म्हणजे ज्यांच्यावरून वाद घालतो त्या लेन्स इथे एकमेकींच्या बोटभर अंतरात आहेत.

खरा फरक दिसतो तो दोन टोकांना. कॅननची ईएफ-एस ३५ मिमी मॅक्रो १:१ ला फक्त ३ सेंमी अंतर ठेवते, निकॉनची डीएक्स ४० मिमी साडेतीनच्या आसपास. दुसऱ्या टोकाला कॅननची १८० मिमी एल साधारण २५ सेंमी देते, पण तिचं वजन एक किलोच्या वर आहे.

मी पहिल्यांदा अशीच एक छोटी, हलकी, स्वस्त मॅक्रो लेन्स घेऊन आंबोलीला गेलो होतो. रात्रीची वेळ, बारीक पाऊस, पानावर नखाएवढं बेडकाचं पिल्लू. फ्रेम भरेपर्यंत जवळ गेलो, तर लेन्सची सावलीच पिल्लावर पडली. फ्लॅशचा उजेड तिथवर पोचेना. आणखी अर्धा सेंटीमीटर पुढे सरकलो आणि पिल्लू उडी मारून गेलं. त्याच रात्री चापडा दिसला. हा विषारी साप आहे. त्याच्यासमोर ती लेन्स बाहेर काढण्याचा प्रश्नच नव्हता. छोट्या मॅक्रो लेन्स टाकाऊ नाहीत. नाणी, टपाल तिकिटं, दागिने, टेबलावरचा पदार्थ यांसाठी त्या उत्तम आहेत, कारण यांतलं काही उडून जात नाही. जिवंत गोष्टींसाठी मात्र ९० मिमीच्या खाली जाऊ नका.

कासच्या पठारावर हेच वेगळ्या रीतीने जाणवतं. तिथे पायवाट सोडून फुलांत शिरायचं नसतं. सीतेची आसवं पायवाटेच्या कडेला असली तर नशीब, नाहीतर हातभर आत. लांब लेन्स असेल तर जागचे न हलता फोटो मिळतो आणि मागची पार्श्वभूमीही निवळ येते, कारण लांब लेन्स पार्श्वभूमीचा लहानसा तुकडाच पकडते.

आणि हो, लेन्सच्या तोंडावर लावायच्या हूडमुळे काच ते किडा हे अंतर आणखी कमी होतं. अगदी जवळून काढताना तो काढून ठेवा.

पायरी ३: एफ/२.८ च्या मोहात पडू नका

एफ आकडा जितका लहान तितकं लेन्सचं भोक मोठं. १:१ ला लेन्स अशी पूर्ण उघडी ठेवून सहसा कुणी फोटो काढत नाही. फुल फ्रेमवर १:१ ला एफ/८ ठेवलं तरी शार्प दिसणारा पट्टा जेमतेम १ मिमी जाडीचा असतो. एफ/२.८ ला तो मिलिमीटरचा तिसरा हिस्सा उरतो, म्हणजे कोळ्याचा एक डोळा फोकसमध्ये आणि दुसरा बाहेर. त्यातही, तेवढीच मोठी प्रतिमा आणि तोच एफ आकडा असेल तर ६० मिमी असो की १८०, पट्टा तेवढाच राहतो. 'लांब लेन्सला डेप्थ कमी' हे मॅक्रोत खरं नाही.

शिवाय जवळ जाताना उजेड घटतो. १:१ ला साधारण दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). निकॉनचे कॅमेरे ही घट पडद्यावर दाखवतात, म्हणून १०५ व्हीआर अगदी जवळ नेल्यावर २.८ ऐवजी ४.८ दिसतं. लेन्स बिघडलेली नाही. कॅनन तो आकडा बदलत नाही, एवढंच. मग २.८ आणि ३.५ मधल्या फरकासाठी जास्त पैसे मोजण्यात काही अर्थ नाही.

पायरी ४: हात थरथरतो की फूल हलतं?

हाताची थरथर सावरणाऱ्या लेन्समधल्या यंत्रणेला कॅनन आयएस म्हणतं, निकॉन व्हीआर. कॅननच्या १०० मिमी एलमधलं आयएस नेहमीच्या अंतरावर चार स्टॉपचा फायदा देतं, पण १:१ ला दोनच, असं कंपनीच सांगते. दूरच्या फोटोत कॅमेरा कलला तर फोटो हलतो. जवळच्या फोटोत कॅमेरा नुसता वरखाली किंवा डावीउजवीकडे सरकला तरी पुरतो, आणि ते आवरणं अवघड असतं. पुढेमागे सरकलात तर फोकसच जातो, त्यावर कुठलंच आयएस चालत नाही. वाऱ्याने डोलणाऱ्या फुलावरही नाही.

तुम्ही कॅमेरा हातात धरून, फ्लॅशविना, पानाफुलांचे फोटो काढणार असाल तर आयएस किंवा व्हीआर असलेली लेन्स घ्या, पैसे वसूल होतील. पण किडे-कोळी काढणार असाल तर फ्लॅश आणि त्यावर उजेड मऊ करून पसरवणारा डिफ्यूझर लागणारच, आणि फ्लॅशचा क्षणिक उजेड हालचाल गोठवतो. मग आयएसची गरज निम्मी होते. अशा माणसाने आयएस नसलेली जुनी १०० किंवा ९० घेऊन उरलेल्या पैशांत चांगला फ्लॅश घ्यावा. डिफ्यूझर घरी होतो. टीव्हीच्या खोक्यातून निघणारा पातळ पांढरा फोम मी अजून वापरतो.

पायरी ५: तुमच्या कॅमेऱ्यावर ती पूर्ण चालते का?

निकॉनच्या डी३५००, डी५६०० सारख्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. टोकिनाची जुनी १०० मिमी किंवा टॅमरॉनच्या ९० ची मोटर नसलेली आवृत्ती त्यांना लावली तर ऑटोफोकस चालणार नाही. मॅक्रोत याने फारसं अडत नाही. १:१ ला आपण फोकस रिंगवर ठेवूनच देतो आणि स्वतः मागेपुढे डोलत नेमका क्षण पकडतो. पण हीच लेन्स पोर्ट्रेटलाही वापरायची असेल तर अडेल.

लाओवाची २:१ मुळात हातानेच फोकस करायची लेन्स आहे. तिच्या काही माउंटच्या आवृत्तींत अ‍ॅपर्चरही रिंग फिरवून बदलावं लागतं, तेव्हा घेण्याआधी आपल्या माउंटची माहिती वाचा. कॅनन ईएफ लेन्स अडॅप्टर लावून आरएफ बॉडीवर नीट चालतात, म्हणून मिररलेसवर गेलेल्यांनी जुनी १०० एल विकण्याची घाई करू नये. नवी आरएफ १०० मात्र १.४ पटीपर्यंत जाते, आणि लहान किड्यांसाठी हा फरक मोठा आहे.

पायरी ६: आधी थोड्या पैशांत करून बघा

मॅक्रो आपल्याला आवडेल का, हेच ठरलेलं नसेल तर हजारो रुपये अडकवू नका. ५० मिमी लेन्समागे ५० मिमी लांबीच्या एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसणाऱ्या पोकळ नळ्या) लावल्या की १:१ मिळतं. हिशेब सरळ भागाकाराचा आहे: ट्यूबची लांबी भागिले लेन्सचे मिमी. विजेचे संपर्क असलेल्या ट्यूब घ्या, नाहीतर अ‍ॅपर्चर बदलता येणार नाही. रेनॉक्स २५० दोनशे मिमीच्या लेन्सवर लावली तर साधारण १.६ पट मिळते. एक पावसाळा यांवर काढा. आपण किती जवळ जातो, कशाच्या मागे लागतो, हे तेवढ्यात कळतं.

पायरी ७: दुकानात काय बघायचं

मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी सोबत न्या. लेन्स सर्वांत जवळच्या फोकसवर ठेवा, पट्टी शार्प दिसेपर्यंत कॅमेरा पुढेमागे करा, फोटो काढा आणि खुणा मोजा. फुल फ्रेमवर ३६ दिसल्या तर खरं १:१. मग तीच पट्टी आडवी धरून काच ते पट्टी अंतर मोजा. टॅमरॉनची जुनी ९० अशा वेळी आपोआप पुढे लांबते. ती आतल्या आत फोकस होणाऱ्या लेन्सपेक्षा थोडी जवळ जाते, पण वजनाला ४०० ग्रॅमच्या आसपास आहे, १०० एलच्या ६२५ ग्रॅमसमोर बरीच हलकी. दिवसभर घाटात फिरणाऱ्याच्या खांद्याला हे कळतं.

सेकंड हँड घेत असाल तर मोबाइलचा टॉर्च मागच्या बाजूने लेन्समध्ये मारा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळीसारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. कोकणातल्या आणि मुंबईतल्या हवेत वर्षानुवर्षं बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सना ती हमखास धरते. धुळीचे चारदोन कण चालतील, बुरशी नको, कितीही स्वस्त मिळाली तरी. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल आहे का ते पाहा, फोकस रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत न अडता फिरते का ते पाहा, आयएस चालू करून कानाशी धरा. हलकी घरघर ठीक, खडखड नको. घरी आणल्यावर ती घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि पुड्यांचा रंग बदलला की बदला.